पाद्र्याचा युक्तिवाद मॅकियाव्हेलीच्या माथी

मॅकियाव्हेलीचं नाव निघालं की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, तो म्हणजे इटलीचा चाणक्य. दोन, साध्य साधलं की साधनाचं पाप धुऊन निघतं, असं त्यानं लिहून ठेवलंय. ज्यांनी थोडं पुढे जाऊन त्याची नाटकं चाळली आहेत, ते तिसरंही वाक्य जोडतात: ‘द प्रिन्स’मध्ये त्यानं राजांना जे शिकवलं, तेच ‘मांद्रागोला’ या विनोदी नाटकात फ्लॉरेन्सच्या एका घरात घडवून दाखवलं. या मांडणीत काल्लीमाको हा तरुण नायक म्हणजे नवा राजा, लिगुरियो त्याचा सल्लागार, म्हातारा वकील निचिया म्हणजे कुजलेली जुनी सत्ता आणि त्याची देखणी बायको लुक्रेत्सिया म्हणजे धाडसी पुरुषाला वश होणारं नशीब. झालं. समीकरण सुटलं, नाटक मिटून ठेवायला आपण मोकळे.

हे तिसरं वाक्य केवळ वरवर वाचणाऱ्यांचं नाही. बऱ्याच जाणत्या अभ्यासकांनीही ते निरनिराळ्या तऱ्हेनं मांडलेलं आहे, म्हणून त्याचा प्रतिवाद करायचा तर नाटकात शिरूनच करायला हवा. कोण बोलतो, कोणाला बोलतो आणि बोलून त्याच्या पदरात काय पडतं, एवढ्या तीन गोष्टींवर नजर ठेवून नाटक वाचलं की हे समीकरण पहिल्या अंकापासूनच डळमळू लागतं.

आधी गोष्ट. काळ १५०४, गाव फ्लॉरेन्स. काल्लीमाकोला दहा वर्षांचा असताना पॅरिसला पाठवलेलं. तो विशीत आला तेव्हा, म्हणजे १४९४ साली, फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स इटलीत घुसला आणि लढायांनी देशाची धूळधाण उडाली. काल्लीमाकोनं काय करावं? राहतं घर सोडून गावची बाकी मालमत्ता विकून टाकायला सांगितलं आणि पॅरिसमध्ये आणखी दहा वर्षं मजेत काढली. मग एकदा फ्रान्सच्या बायका देखण्या की इटलीच्या, असा वाद रंगला. त्यात कोणीतरी फ्लॉरेन्सच्या लुक्रेत्सियाच्या रूपाचं वर्णन केलं आणि स्वारी थेट मायदेशी हजर. देश बुडत असताना जो परतला नाही, तो दुसऱ्याच्या बायकोचं नुसतं वर्णन ऐकून परतला. ज्याला नवा राजा म्हणायचं, त्याचा हा पूर्वेतिहास.

लुक्रेत्सिया कडक चालीची. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. नवरा मेस्सेर निचिया कायद्याचा पदवीधर, पैशानं गब्बर, अकलेनं कोरा. १८२७ साली मेकॉलेनं मॅकियाव्हेलीवर मोठा निबंध लिहिला (हाच तो मेकॉले, ज्याच्या शिक्षणविषयक टिपणाला आपण अजून शिव्या घालतो) आणि त्यात या नाटकाची वारेमाप स्तुती करताना खरा मान निचियाला दिला. तिथे मेकॉलेशी माझं भांडण नाही. निचिया हे विनोदी रंगभूमीवरचं एक अजोड पात्र आहे. मूल व्हावं म्हणून बायकोला औषधी झऱ्यांवर घेऊन जा, असं सुचवल्यावर तो कुरकुरतो, कारण गावच्या कॅथीड्रलचा घुमट नजरेआड होणं त्याच्या जिवावर येतं. लिगुरियो त्याला चढवतो: तुम्ही तर जग पाहिलंय, पिसाला गेलात, लिवोर्नोला समुद्र पाहिलात. मग विचारतो, समुद्र आर्नो नदीपेक्षा केवढा हो मोठा? निचिया म्हणतो, चौपट. मग सहापट. मग सातपट. तिथे म्हणे नुसतं पाणीच पाणी दिसतं. याच माणसानं गावात कोणाला काही कळत नाही आणि आपल्यासारख्या विद्वानांची कदर होत नाही, म्हणून नाटकभर नाक मुरडलेलं आहे.

लिगुरियो पूर्वी लग्नं जुळवायचा, आता लोकांच्या पंगती गाठत हिंडतो. बेत त्याचाच. काल्लीमाकोला पॅरिसचा डॉक्टर म्हणून उभं करायचं. तो लॅटिनच्या चार फेकी फेकणार, लुक्रेत्सियाचं मूत्र तपासणार आणि औषध देणार: मँड्रेकच्या मुळीचा काढा. काढा घेतला की गर्भ हमखास राहतो, पण काढ्यानंतर जो पुरुष तिच्याशी प्रथम संग करील तो आठ दिवसांत मरतो. म्हणून रस्त्यावरचा कोणी धट्टाकट्टा पोरगा रात्री उचलून आणायचा, एक रात्र तिच्याजवळ ठेवायचा, विष त्यानं ओढून घेतलं की घराबाहेर काढायचा. तो पोरगा अर्थात वेष बदललेला काल्लीमाकोच. निचिया आधी बिचकतो. एका निरपराध माणसाचा जीव जाईल यापेक्षा त्याला फौजदारी न्यायनिवाडा करणाऱ्या ‘आठ जणांच्या’ मंडळाची भीती अधिक. मग त्याला सांगितलं जातं की फ्रान्सच्या राजानं आणि तिथल्या बड्या सरदारांनी असंच केलं. राजे करतात म्हटल्यावर वकीलसाहेबांचा कायदा गप्प.

आता मुख्य मुद्दा. ज्या वाक्यासाठी मॅकियाव्हेली बदनाम आहे, त्याच्या अगदी जवळ जाणारं विधान या नाटकात खरंच आहे. प्रत्येक गोष्टीत अखेर काय साधतं ते बघावं, अशा अर्थाचं. आणि ते बोलतो कोण? फ्रा तिमोतेओ, लुक्रेत्सियाचा पाद्री. बोलतो कधी? पैसे ठरल्यानंतर. बोलतो कोणाला? जिला फसवायचं ठरलंय तिला.

हा प्रसंग सावकाश पाहायला हवा. लिगुरियो पाद्र्याची आधी परीक्षा घेतो. एक बनावट गोष्ट सांगतो: अमुक मठात ठेवलेली एक मुलगी चार महिन्यांची गरोदर आहे, घराण्याची अब्रू जाईल, औषध देऊन पोट पाडायला मठाच्या प्रमुख बाईचं मन वळवा, त्या बदल्यात तीनशे डुकाट दानधर्मासाठी मिळतील. पाद्री काही क्षणांत तयार होतो आणि हे सगळं देवाच्या नि परोपकाराच्या नावानं घडो म्हणतो. थोड्या वेळानं लिगुरियो सांगतो, मुलीचा गर्भ आपोआप पडला, पण दुसरं एक काम आहे, पहिल्यापेक्षा हलकं. ज्यानं पहिलं गिळलं त्याला दुसरं जड कसं जाणार? मागाहून पाद्री एकटा असताना स्वतःशीच म्हणतो की यांनी मला गोड बोलून गुंतवलं खरं, पण गुंतण्यात माझाही फायदाच आहे. त्याला सगळं उमगलेलं आहे. हा ढोंगी नाही, हिशेबी आहे. त्याच्या चर्चमध्ये एक विधवा येते. मेलेला नवरा पापक्षालनाच्या लोकात अडकला असेल का, असं विचारते आणि त्याच दमात यंदा तुर्क इटलीवर चालून येतील का, हेही. तिच्या धास्तीला हा माणूस दोन नाणी आणि चार प्रार्थनांच्या भाषेत उत्तरं देतो. पुढे पाचव्या अंकात तो विझलेला दिवा लावतो, मूर्तीचा पडदा बदलतो आणि हळहळतो की पूर्वी इथे नवसाच्या पाचशे प्रतिमा असायच्या, आता वीसही नाहीत. आमच्याच माणसांनी भक्तीची पत सांभाळली नाही. धंदा बसल्याचं त्याचं दुःख मात्र अगदी खरं आहे.

हा माणूस लुक्रेत्सियाला तीन गोष्टी सांगतो. एक, जिथे चांगलं निश्चित आणि वाईट अनिश्चित असतं, तिथे वाईटाच्या भीतीनं चांगलं सोडू नये. तुला मूल होईल हे निश्चित, तो माणूस मरेलच असं नाही. दोन, पाप शरीर करत नाही, इच्छा करते. नवऱ्याला दुखवणं पाप, तू तर त्याला खूश करते आहेस. सुख घेणं पाप, तुला तर किळस येते आहे. तीन, बायबलमधल्या लोटच्या मुली: जगात पुरुषच उरले नाहीत असं समजून त्या बापाजवळ गेल्या, हेतू शुद्ध म्हणून पाप लागलं नाही. आणि या सगळ्यावर कळस म्हणून ते अखेर बघण्याचं सूत्र: नवऱ्याचं समाधान आणि स्वर्गातली एक जागा भरणं.

हा युक्तिवाद धर्मशास्त्राच्या पोथीतला आहे, राजनीतीतला नाही. आणि मॅकियाव्हेलीनं तो अशा ठिकाणी आणून ठेवला आहे, की ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्यामागची थैली दिसावी. एखादा लेखक स्वतःचं लाडकं तत्त्व असल्या माणसाच्या तोंडी घालील का? घालील, जर त्याला ते तत्त्व कसं वापरलं जातं ते दाखवायचं असेल तर.

‘द प्रिन्स’चं अठरावं प्रकरण पुन्हा उघडून पाहा. तिथे अखेरीकडे बघण्याची गोष्ट येते ती लोक कसा न्याय करतात याचं निरीक्षण म्हणून: सामान्य माणूस दिखाव्यावर आणि निकालावर भुलतो. त्यातही मॅकियाव्हेली एक अट घालतो, जी तिसरं वाक्य म्हणणारे नेहमी गाळतात. विशेषतः राजांच्या बाबतीत, जिथे दाद मागायला वरचं कोर्ट नसतं. राजाच्या डोक्यावर न्यायाधीश नाही म्हणून त्याचा निवाडा निकालावरून होतो. हे भीषण वाटलं तरी त्याला हद्द आहे. निचियाच्या घरात अशी परिस्थिती कुठे आहे? तिथे दाद मागण्याच्या जागा एक सोडून चार. नवरा आहे, तो कायदा शिकलेला. आई सोस्त्राता आहे. पापाचा कबुलीजबाब ऐकणारा पाद्री आहे. आणि गावात ते ‘आठ जणांचं’ मंडळ आहे, ज्याची निचियाला भीती वाटते, म्हणजे ते काम करतं. चौथ्याच्या कानावर गोष्ट जाऊ द्यायची नाही आणि पहिल्या तिघांना एकेक कारण पुरवायचं, एवढीच लिगुरियोची कामगिरी. नवऱ्याला वंशाचा दिवा, आईला लेकीचं भलं, पाद्र्याला पैसे. राजाची निकड नसलेल्या ठिकाणी राजाचं तत्त्व आणलं की ते असं स्वस्तात निघतं, हे नाटकात दिसतं. त्यातून ‘द प्रिन्स’चं समर्थन काढणं म्हणजे नाटकाचा कणाच काढून घेणं आहे.

काल्लीमाकोला राजा करणाऱ्यांना आणखी एक विचारायचं आहे. या गड्यानं नाटकात केलं काय? चौथ्या अंकात तो एकटाच हवालदिल होऊन बोलतो आहे, कधी स्वतःची लाज काढतो, कधी नरकात एवढी भली माणसं गेलीत तर आपण गेलो म्हणून काय बिघडलं, अशी समजूत घालतो. बेत फसला तर आर्नोत उडी मारीन, फास लावून घेईन, तिच्या दारात सुरी खुपसून घेईन, अशी यादी तयार. बरं, बेतात एक ढोबळ भोक आहे: डॉक्टर म्हणून तो पोरगा पकडायला जाणार आणि पकडला जाणारा पोरगाही तोच. हे त्याच्या ध्यानात येतं तेव्हा त्याचे हातपाय गळतात. तोड काढतो लिगुरियो: डॉक्टरच्या वेषात पाद्र्यालाच उभं करू! नव्या राजाच्या अंगी हिंमत हवी, वेळ ओळखण्याची नजर हवी, दुसऱ्याच्या शस्त्रावर विसंबणं नको, हे ‘द प्रिन्स’ पानापानावर बजावतं. काल्लीमाको पूर्णपणे दुसऱ्याच्या शस्त्रावर लढतो. आणि ज्याचं शस्त्र, त्या लिगुरियोला काय मिळतं? जेवण, आणि शेवटी त्या घरातल्या एका खोलीची किल्ली.

मला या नाटकात मॅकियाव्हेली कुठे सापडत असेल, तर तो लिगुरियोत. १४९८ पासून चौदा वर्षं मॅकियाव्हेलीनं फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाची चिटणिशी केली, राजदरबारी वकिलाती केल्या. १५१२ मध्ये मेदिची घराणं सत्तेवर परतलं आणि त्याची नोकरी गेली. पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून त्याला कैद झाली, हात मागे बांधून दोरीला टांगून छळ झाला. सुटल्यावर सान कासियानोजवळच्या आपल्या शेतावर तो जाऊन बसला, दुपारी खानावळीत खाटीक आणि गिरणीवाल्याबरोबर पत्ते कुटू लागला, आणि डिसेंबर १५१३ मध्ये मित्राला पत्र लिहिलं की मेदिचींनी मला कामाला घ्यावं, मग सुरुवातीला एखादा धोंडा लोटायला का लावेनात. ‘मांद्रागोला’च्या प्रस्तावनेत तो उघड सांगतो, की हे असलं हलकं काम हातात घेतलं कारण दुसरीकडे तोंड वळवायला जागा ठेवलेली नाही, दुसऱ्या कामांत कर्तृत्व दाखवायला मज्जाव आहे. ज्याच्या डोक्यात राज्य चालवायची युक्ती होती, त्याच्या हाती आता एका आशिकाला एका पलंगापर्यंत पोचवण्याची युक्ती. त्यात शिकवणी नाही, जळफळाट आहे; आणि तो जळफळाट इतका चपखल विनोदी आहे की लोक त्याला शिकवणी समजून बसले.

लुक्रेत्सिया म्हणजे नशीब, ही समजूत मला सगळ्यांत खटकते. ‘द प्रिन्स’च्या पंचविसाव्या प्रकरणात नशिबाला स्त्री म्हटलंय आणि तिला जोर करून नमवायला सांगितलंय. ते वाचून नाटकात आलेला वाचक पहिल्याच स्त्रीवर ते लेबल डकवतो. पण नशीब विचार करत नसतं. लुक्रेत्सिया नाटकात सर्वांत जास्त विचार करते. ती राज्य चालवण्याच्या लायकीची आहे, हा अभिप्राय खुद्द लिगुरियोचा. बेत ऐकून ती स्पष्ट म्हणते, की जगात आपण एकटीच बाई उरलो आणि मनुष्यजात पुन्हा आपल्यापासून सुरू व्हायची असली, तरी हे करायची मुभा आपल्याला असेल असं वाटत नाही. एका माणसाचा जीव जाणार, ही गोष्ट सहा जणांत फक्त तिला बोचते. त्या पाद्र्याच्या तीन मुद्द्यांवर तिचं मन वळत नाही, ती दमते. उद्या सकाळी मी जिवंत असेन असं वाटत नाही, असं म्हणून ती होकार देते. याला होकार म्हणायचं की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आणि नाव पाहा. प्राचीन रोममध्ये राजपुत्र सेक्स्तुस तार्क्विनियुस यानं लुक्रेत्सियावर बलात्कार केला, तिनं स्वतःला भोसकून घेतलं, त्यावरून उठाव झाला, राजे हाकलले गेले आणि प्रजासत्ताक आलं. लिव्हीच्या इतिहासातली ही कथा फ्लॉरेन्सच्या शिकलेल्या प्रेक्षकाला पाठ होती. मॅकियाव्हेलीनं लिव्हीवर आख्खा ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या तिसऱ्या भागात या कथेबद्दल एक अनपेक्षित गोष्ट सांगितली: तार्क्विनियुसांची सत्ता मुलानं लुक्रेत्सियाची अब्रू घेतली म्हणून गेली नाही, बापानं राज्याचे कायदे मोडले, सिनेटचा अधिकार स्वतःकडे ओढला, जुलूम केला म्हणून गेली. ती घटना घडली नसती तर दुसरी एखादी निमित्त झाली असती. म्हणजे बलात्कार ही ठिणगी. पेटायला लागतात ते नागरिक आधीच तयार होते.

आता १५०४ च्या फ्लॉरेन्सची लुक्रेत्सिया. ठिणगी तीच. पण सुरीची भाषा इथे फक्त आशिक करतो, तीही प्रेमभंगाच्या भीतीनं. नवरा, आई, धर्मगुरू, नोकर सगळे कटात किंवा कटाच्या सोयीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी नटूनथटून चर्चला जातात. हे वर्ष मेदिचींच्या राजवटीतलं नाही, हे ध्यानात घ्यावं. १५०४ मध्ये प्रजासत्ताक उभं होतं, पिएरो सोदेरिनी तहहयात प्रमुख होता आणि स्वतः मॅकियाव्हेली कचेरीत बसून खलिते लिहीत होता. सडलेलं घर दाखवायला त्याला शत्रूचा काळ निवडता आला असता. त्यानं आपल्या उमेदीचा काळ निवडला. याच कारणानं निचिया म्हणजे सोदेरिनी, काल्लीमाको म्हणजे अमुक मेदिची, असं एकास एक रूपक लावणाऱ्यांचं मला काही पटत नाही. रूपक लावलं की दोष एका माणसावर ढकलता येतो. नाटकात एकच दोषी माणूस शोधून सापडत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: अहो, पण हे कार्निव्हलच्या दिवसांतलं प्रहसन आहे, सगळे हसतात, सगळ्यांना हवं ते मिळतं, शिक्षा कोणालाच होत नाही, त्यात तुम्ही कसली सडकी नगरी शोधता? पहिली गोष्ट खरी आहे. पोप दहावा लिओ यानं ते रोममध्ये करवून पाहिलं आणि त्याला ते आवडलं. १५२२ साली व्हेनिसमध्ये इतकी गर्दी उसळली की प्रयोग अर्धवट थांबवावा लागला. चार वर्षांनी तिथेच प्लाउतुसच्या नाटकाशी त्याची स्पर्धा झाली, तेव्हा प्राचीन लॅटिन नाटककार यापुढे थंड पडला. लोक हसले, आजही हसतात; समुद्र आर्नोच्या सातपट, हे ऐकून मीही हसतो. शिक्षाही कोणाला होत नाही, कबूल. मॅकियाव्हेली नीतिपाठ देणारा लेखक नव्हता आणि त्याला तसा ठरवायची माझी इच्छा नाही. पण शिक्षा नाही म्हणून शाबासकी आहे, हे कुठल्या तर्कशास्त्रात बसतं? शेवटचा प्रसंग पाहा. निचिया लुक्रेत्सियाला काल्लीमाकोच्या हवाली करताना म्हणतो की यांच्यामुळे आपल्याला म्हातारपणाची काठी मिळणार. मग घरातल्या तळमजल्यावरच्या खोलीची किल्ली तो स्वतःहून देऊन टाकतो: या बिचाऱ्यांच्या घरी बाईमाणूस नाही, जनावरांसारखे राहतात, हवं तेव्हा येत जावं. प्रेक्षक इथे पोट धरून हसतो, कारण त्याला ते माहीत आहे जे निचियाला नाही. निचियाला मात्र यात खरोखरच आनंद आहे. फसवला गेलेला माणूस फसवणुकीची किल्ली आभार मानत देतो आणि कोणाचंच काही अडत नाही, ही सुखांतिका शिक्षेपेक्षा जास्त बोचरी आहे.

दुसरा आक्षेप अलीकडचा आणि जास्त गंभीर. शेवटी लुक्रेत्सियाच जिंकते, असं काहीजण म्हणतात. एका रात्रीत ती परिस्थिती ओळखते, तरुण प्रियकर कायमचा पदरात पाडून घेते, घर-नवरा-अब्रू सगळं राखून. सकाळी निचिया चकित होतो: काल अर्धमेली होती, आज एवढी ठसक्यात कशी? पाद्र्याला किती द्यायचे, हेही तीच ठरवते आणि नवऱ्याच्या पोटात गोळा येतो. नाटकातली खरी राज्यकर्ती तीच, असं म्हणायला मीसुद्धा तयार आहे. पण ती कशी बदलली ते आपण रंगमंचावर पाहत नाही. ते आपल्याला काल्लीमाको सांगतो, दुसऱ्या दिवशी, लिगुरियोला, विजयाच्या धुंदीत. तुझी चलाखी, माझ्या नवऱ्याचा मूर्खपणा, आईचा भाबडेपणा आणि पाद्र्याचा नीचपणा यांनी मला इथवर आणलं, तर ही देवाचीच इच्छा असावी, असं ती म्हणाली म्हणे. तिचं हे मोठं भाषण एका पुरुषाच्या तोंडून ऐकावं लागतं. विसंगती खुद्द काल्लीमाकोच्याच सांगण्यात आहे: पहाटेपर्यंत आपण अस्वस्थ होतो, मग ओळख दिली आणि निचिया मेला की लग्न करीन असं वचन दिलं, असं तो कबूल करतो. ते खरं धरलं तरी त्या यादीकडे लक्ष द्या. चार माणसं, चार दोष, आणि त्यातला एकही तिचा नाही. बाहेर पडायचे सगळे रस्ते बंद झालेल्या बाईनं उरलेल्या एकुलत्या खोलीत स्वतःची व्यवस्था लावून घेतली, तर तिच्या हुशारीला दाद द्यावी. त्या रस्ते बंद करणाऱ्यांना तत्त्वज्ञ म्हणू नये.

चलाखीचा हा महिमा गाणाऱ्यांची सवय जुनी आहे, आणि गंमत म्हणजे तीही रंगभूमीवरूनच आली. १५९० च्या आसपास क्रिस्टोफर मार्लोनं ‘द ज्यू ऑफ माल्टा’ लिहिलं, तेव्हा नांदी म्हणायला मॅकियाव्हेलीचं भूत रंगमंचावर आणलं. इंग्रजीत ‘द प्रिन्स’ छापून निघायला तेव्हा पन्नास वर्षं अवकाश होता. पुस्तक वाचण्याआधी इंग्लंडनं खलनायक पाहिला, आणि आपण इंग्रजीतूनच सगळं घेत असल्यामुळे तो खलनायक आपल्याकडेही आला.

शेवटी चौथ्या अंकातली ती मोहीम. अंधारात पोरगा पकडायला निघालेल्या टोळीला लिगुरियो सेनापतीच्या थाटात व्यूह लावून देतो: उजव्या शिंगावर काल्लीमाको, म्हणजे त्याच्या वेषातला पाद्री, डाव्या शिंगावर स्वतः, दोन्ही शिंगांच्या मध्ये वकीलसाहेब, पिछाडीला नोकर सिरो. परवलीचा शब्द: संत कुकू, फ्रान्समधला फार मोठा संत! कोकिळेचं नाव बाहेरख्याली बायकोच्या नवऱ्याला चिकटवण्याची युरोपातली जुनी चाल प्रेक्षकाला ठाऊक, निचियाला नाही. हे सगळं लिहिणारा माणूस असा, की ज्यानं १५०६ मध्ये फ्लॉरेन्ससाठी भाडोत्री शिपायांऐवजी स्वतःच्या नागरिकांचं सैन्य उभारलं, तेच आयुष्यातलं सर्वांत मोठं काम मानलं, आणि ऑगस्ट १५१२ मध्ये ज्याचं ते सैन्य प्रातोच्या तटावरून पळालं. त्याच्या लेखणीतून उतरलेली, एकही माणूस न गमावता जिंकणारी पलटण ही एवढी एकच: चार मुखवटेवाले, आणि ज्याला पकडायचं तो ल्यूट वाजवत, गाणं म्हणत स्वतःच त्यांच्या दिशेनं चालत येतो आहे. याला जो राज्य मिळवण्याचं प्रात्यक्षिक म्हणेल, त्यानं या लढाईत हरलं कोण आणि सैन्य कोणाचं, याचं उत्तर आधी द्यावं.